हायस्कूलची शर्यत आणि उसाचा हंगाम



हायस्कूलच्या मुलांच्या धावण्याच्या शर्यती हा विषय मी सुचविला, तेव्हा एका मित्राने विचारले, "ऊसतोड मजुरांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले, त्याचा शर्यतीशी संबंध काय?" संबंध आहे, आणि तो महिन्यांचा आहे.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्याला सुरू होतात. तेथून जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मुलगा जिल्ह्याला पहिला येतो तोवर दसरा येऊन ठेपतो, आणि दसरा-दिवाळी म्हटली की आपल्या जिल्ह्यात काय होते हे मी आपणांस सांगायला नको. कारखान्यांचे गाळप सुरू व्हायचे असते, मुकादमाची गाडी वेशीवर उभी राहते, आणि बिऱ्हाडच्या बिऱ्हाड फडावर निघून जाते. वर जाण्याची पायरी आणि घर सोडण्याची वेळ एकच!

आपल्यापैकी प्रत्येकाला अविनाश साबळे हे नाव ठाऊक आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा. आईबाप शेतीत आणि वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि खेळाडू म्हणून त्याची खरी वाटचाल 2015 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, सैन्यातच सुरू झाली. 2018 साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील विक्रम मोडला. 2022 साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक मिळविले. पहिल्या क्रमांकात आणि त्याच्यात अंतर केवळ एका सेकंदाच्या वीसाव्या हिश्श्याचे! 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनिया घेऊन जात असे. 2023 साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि 2024 साली पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी.

हे ऐकून टाळ्या वाजविणे सोपे आहे. मला मात्र नेहमी वाटते, की या मुलाला घडविणारे मैदान त्याला गाव सोडल्यावर भेटले. जे गावातच राहिले, किंवा फडावर गेले, त्यांचे काय?

धावण्याने हायस्कूलच्या मुलात काय फरक पडतो, हे मी पाहिलेले सांगतो. पहाटे पाचला उठणारा मुलगा रात्री चौकात बसत नाही. तंबाखूची पुडी आपोआप सुटते, कारण दम लागतो. नववीत ज्याचे नाव मास्तरांना हजेरीपुरतेच ठाऊक होते, त्याला सारी शाळा ओळखू लागते, आणि नाव झालेला मुलगा शाळा सहसा सोडीत नाही. मुलींच्या बाबतीत तर मी तीन घरांत पाहिले, की मुलगी मैदानावर असली म्हणजे तिच्या लग्नाचे बोलणे एखादे वर्ष तरी पुढे जाते. आपल्याकडे ते एक वर्ष फार मोलाचे आहे. तोटाही आहे, तो लपवीत नाही. पुष्कळ मुले दहावीतच पुस्तक मिटवून भरतीच्या मागे लागतात. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरपलीकडे त्यांना मग काही दिसत नाही. पण घरात उचलीचे कर्ज असलेल्या मुलाला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका मजुराचा मुलगा पंधराशे मीटरला जिल्ह्यात पहिला आला. त्याच सुमारास आई आजारी पडली. उचल पूर्ण कोयत्याची घेतलेली, म्हणजे जोडीची. बाप एकटा गेला तर अर्धा कोयता. म्हणून मुलगा आईच्या जागी उभा राहिला. बाप मला विचारायला आला होता. आमची दरवाढीची बोलणी ऐन रंगात होती. मी म्हणालो, "आधी अंगावरची उचल फेड, शर्यती पुढच्या वर्षीही होतील." शर्यती झाल्या. पण तो सतरा वर्षांखालच्या गटातून बाहेर पडला होता, आणि शाळेतूनही. त्याने मला कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटला की "काका, राम राम" म्हणतो, आणि मला ते जड जाते.

मजुरीचा दर ठरविताना आम्ही टनाचा हिशेब केला, वाहतुकीचा केला, मुकादमाच्या कमिशनचा केला. पोराच्या वर्षाचा हिशेब आमच्या कागदावर कधी आलाच नाही. मुलांना मागे ठेवण्यासाठी वसतिगृहे आहेत. पण आईबाप गेल्यावर पहाटे मैदानावर कोण नेणार, विभागाच्या स्पर्धेला एस.टी.चे भाडे कोण देणार, आणि दोन वेळच्या जेवणावर धावणाऱ्या मुलाचे भागते का, हे तेथे कोणी विचारीत नाही.

टोळ्या आता परतू लागल्या आहेत. पुढच्या उचलीची बोलणी पावसाळ्याच्या तोंडी सुरू होतील, आणि एकदा अंगठा उठला की मग काही करता येत नाही. त्याआधी मला प्रत्येक हायस्कूलकडून धावणाऱ्या मुलामुलींची यादी हवी आहे. त्या घरी जाऊन कोयत्यात त्या मुलाला धरू नका, असे मी स्वतः सांगणार आहे, आणि मुकादमालाही. या सभेत मुख्याध्यापक मंडळी बरीच दिसतात. त्यांनी सभा संपल्यावर मला दारापाशी भेटावे. वही मी बरोबर आणली आहे.