‘भस्म्या झालाय’ म्हणून पोराला सोडून देऊ नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या कृतीसंगम सखीने केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचत झाली, परतफेड झाली, बँकेचंही बोलून झालं. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, पण सभेत ते दर वेळी शेवटाला येतं, आणि तोवर निम्म्या जणींचं लक्ष घड्याळाकडे असतं. धारा काढायच्या असतात, मला माहीत आहे. म्हणून सरळ विषयावर येते.

आपल्याकडे एक जुना शब्द आहे, भस्म्या. पोरगं सारखं खायला मागायला लागलं की म्हातारी माणसं म्हणतात, याला भस्म्या झालाय. शब्दाला मी नावं ठेवत नाही. काही पोरांची भूक खरंच चारचौघांसारखी नसते, आणि ते आपल्या आज्या-पणज्यांच्या नजरेला आलं होतं. अडचण एवढीच, की भस्म्या म्हटलं की आपण तिथंच थांबतो. नाव मिळालं, विषय संपला. मग कोणी अंगारा लावतं, कोणी जंतावर ढकलतं, आणि बाकीचे सगळे मिळून आईला बोल लावतात. हे असं का होतंय, एवढं मात्र कोणी विचारत नाही.

जंताची गोळी जरूर द्या. अंगणवाडीत, शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये ती मिळतेच. पण जंतांनी पोर जाडजूड होत नाही, आणि गोळी देऊनही फरक नाही तर वर्षभर जंत जंत करत बसायचं नाही.

मी डॉक्टर नाही. रोग ओळखणं माझंही काम नाही आणि तुमचंही नाही. पण पोर रोज आपल्या डोळ्यांसमोर असतं, डॉक्टरांसमोर ते पाच मिनिटं असतं. त्या पाच मिनिटांत काय सांगायचं आणि काय विचारायचं, हे आपल्या हातात आहे.

आधी घाईचं सांगते, कारण यात दिवस घालवून चालत नाही.

पोर भरपूर खातंय, पण अंगी लागत नाही. उलट वाळत चाललंय. सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय. अंथरूण ओलं करायचं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. शाळेतून आलं की गळून पडतंय. काही घरांत लघवीच्या जागी मुंग्या लागलेल्या दिसतात. हे सगळं लहान मुलांच्या मधुमेहाचं लक्षण असू शकतं. ‘एवढ्याशा पोराला कुठली आलीय शुगर’ असं आपण म्हणतो, पण ती होते, अगदी वर्ष-दोन वर्षांच्या लेकरालाही होते. ती गोड खाल्ल्याने होत नाही, कोणाच्या नजरेनेही होत नाही. त्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद पडत जातं, त्यामुळे खाल्लेलं अन्न अंगाला मिळतच नाही. पोट भरलेलं आणि शरीर उपाशी, म्हणून ती भूक.

बोटाला टोचून रक्ताच्या एका थेंबावर ही तपासणी मिनिटभरात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि तोंडाने सांगा, “याची शुगर बघा.” लाजू नका. आणि असं पोर उलट्या करायला लागलं, पोट दुखतंय म्हणालं, जोरजोरात खोल श्वास घ्यायला लागलं, गुंगायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच घटकेला दवाखाना, रात्र असली तरी १०८ ला फोन. यावर औषध इन्सुलिनच, तेही रोज आणि जन्मभर. कारल्याचा रस, जडीबुटी यांच्या भरवशावर इन्सुलिन थांबवलं तर पोर हातचं जातं. हे मी मुद्दाम कडक शब्दांत सांगतेय.

आता दुसरी बाजू. पोर खातंय आणि वजनही वाढतंय. याकडे तर आपलं लक्षच जात नाही. बाळसं धरलंय, खात्यापित्या घरचं दिसतंय, असं म्हणून आपण कौतुकच करतो. अंगणवाडीचा वजनकाटाही आपण एकाच बाजूने वाचतो, कुपोषित नाही ना, मग बरं आहे. माझ्या मते ही आपल्या सगळ्यांच्या बघण्यातली खोट आहे.

खरं तर बहुतेक जाड मुलांचं कारण खाण्यातलं आणि बसून राहण्यातलंच असतं. दहा रुपयांची पुडी, बिस्किटाचा पुडा, हातात मोबाईल. पण एक खूण लक्षात ठेवा. जे मूल नुसतं जास्त खाऊन जाड होतं, ते सहसा आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंचीलाही थोडं पुढेच असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबलीय, वर्गात सगळ्यांत बुटकं आणि सगळ्यांत जाड तेच, असं असेल तर तिथे “कमी खायला घाला” एवढ्या उत्तरावर घरी परतायचं नाही. थायरॉईड असू शकतो. दम्यासाठी, खाजेसाठी कुठून तरी आणलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉईड असू शकतं. त्याने भूक वाढते, तोंड चंद्रासारखं गोल होतं आणि उंची खुंटते. अशी पुडी महिनोन् महिने चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. आणि काही वेळा कारण जन्मापासूनचं असतं.

त्या जन्मापासूनच्या कारणाबद्दल जरा सविस्तर बोलते. आपल्या प्रभागातल्या एका ताईच्या घरी ते घडलंय. तिनेच सांगितलं, “नाव नका घेऊ, पण सगळ्यांना सांगा.”

तिची मुलगी जन्मली तेव्हा अंगाने अगदी लुळी होती. उचललं की कापडासारखी खाली लोंबायची. रडणं इतकं बारीक की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही. दूध ओढायची ताकद नव्हती, म्हणून ताई दूध काढून वाटी-चमच्याने पाजायची, एकेका वेळेला तासभर लागायचा. बसली उशिरा, चालली दोन वर्षांनंतर. कार्डावर वजन तांबड्या रंगात. मग दुसरं वर्ष संपता संपता वजन भरायला लागलं. तांबड्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. घरात आनंद झाला, सासूबाईंनी देवीची ओटी भरली. आणि ती रेघ हिरव्यात थांबलीच नाही, वरच जात राहिली.

पाचव्या वर्षापर्यंत पोरीचं सगळं चित्त खाण्यात. ताटावरून उठली की पुन्हा चुलीपाशी. भाकरीची दुरडी शिंक्यावर टांगली तर पाटावर डबा ठेवून चढायची. रात्री उठून कच्चं पीठ खायची. एकदा गोठ्यात म्हशीची सरकी पेंड खाताना सापडली. नाही म्हटलं की जमिनीवर लोळण, अंगावरची खपली नखांनी उकरत बसणं. सातव्या वर्षी वजन ३८ किलो आणि उंची पाच वर्षांच्या मुलीएवढी.

ताईने फडताळाला कुलूप लावलं, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सख्खी आई आहे का कोण? कुलूप काढलं तेव्हा त्याच म्हणाल्या, खाऊ घालून घालून पोर बिघडवली. दोन दवाखाने झाले. एकात सांगितलं, खाणं कमी करा. दुसऱ्यात थायरॉईडची तपासणी झाली, ती चांगली आली, म्हणजे काही नाही म्हणाले. ताईला मात्र काही आहे हे दिसत होतं, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शेवटी शाळेत मुलांची तपासणी करणारं पथक आलं, त्यांनी चिठ्ठी दिली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “जन्मल्यावर ही दूध कशी प्यायची?” सात वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

रक्ताची जनुकीय तपासणी झाली. आजाराचं नाव निघालं, प्राडर-विली सिंड्रोम. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नीट मांडला, त्यांतल्या दोघांचं नाव त्याला आहे. पंधरा-वीस हजार जन्मांत साधारण एखाद्या मुलाला होतो. माणसाच्या गुणसूत्रांच्या जोड्या असतात, त्यातल्या पंधराव्या जोडीत वडिलांकडून येणारा एक तुकडा काम करत नाही, कधी तो आलेलाच नसतो. बहुतेक वेळा हे निव्वळ योगायोगाने घडतं. आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाळलं का नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बापाचाही दोष नाही. मेंदूत जिथून पोट भरल्याची खबर मिळते, तिथलंच काम बिघडलेलं असतं. आपण जेवून उठतो तेव्हा आपल्याला ‘पुरे’ वाटतं ना, ते त्या पोरीला वाटतच नाही. ती हावरट नाही. तिला खरोखर भूक लागलेली असते, जेवणानंतरसुद्धा.

हा आजार मुळापासून जात नाही. मग नाव कळून फायदा काय, असं सासूबाईंनी विचारलं. फायदा असा, की कुलूप हा आता दुष्टपणा राहिला नाही, ते औषध झालं. जेवणाच्या वेळा ठरल्या आणि ताटात किती वाढायचं तेही ठरलं. पुढचं जेवण कधी हे पोरीला आधीच माहीत असतं, त्यामुळे तिचा आकांतही कमी झाला. झोपेत श्वास अडकतो का, पाठीचा कणा वाकतोय का, साखर वाढतेय का, हे ठरावीक काळाने बघतात. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं अशा मुलांना उपयोगी पडतात, उंची आणि स्नायू सुधारतात, पण ती महाग आहेत आणि झोपेतला श्वास तपासूनच सुरू करतात. आणखी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी बजावून सांगितली. अशा मुलांना उलटी सहसा होत नाही आणि दुखणंही कमी जाणवतं. खूप खाल्ल्यावर पोट फुगलं किंवा उलटी झाली, तर साधं अपचन समजू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या आजारासाठीची हार्मोन इंजेक्शनं धरलेली आहेत. मदत ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फतच मिळते, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांतलं एक. ताईने कागद जमवायला घेतलेत. मुंबईला जायच्या भाड्याला ग्रामसंघाने जोखीम प्रवणता निधीतून रक्कम दिली, हे मला आवर्जून सांगायचंय.

आता तुमच्या घरात, गल्लीत असं पोर दिसलं तर कुठून सुरुवात करायची? आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यापासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतची मुलं बघतं. ते कोणत्या दिवशी येणार हे आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, मजुरीलाही नेऊ नका. तिथून चिठ्ठी मिळाली की जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं.

जाताना वही घेऊन जा. आपण गटाचा रुपया न् रुपया लिहितो, मग पोराचं का नाही? आठ दिवस लिहा. किती भाकरी, किती वाट्या भात, मधे काय खाल्लं, पाणी किती तांबे, रात्री लघवीला किती वेळा उठलं, घोरतं का. माता-बाल संरक्षण कार्ड फेकलं असेल तर शोधा, जन्माचं वजन आणि पुढची सगळी रेघ त्यात आहे. मोबाईलमध्ये पोराचे जुने फोटो, व्हिडिओ असतात, तेही दाखवा. ताईचा तो लुळ्या बाळाचा व्हिडिओच कामाला आला. आणि डॉक्टर “काही नाही” म्हणाले तर नम्रपणे विचारा, “साहेब, मग उंची का वाढत नाही? अजून कोणाला दाखवू? किती दिवसांनी परत येऊ?” असं विचारणं हा उद्धटपणा नाही.

भूक मारायच्या पावडरी, वजन उतरवायची चूर्णं बाजारात येतात, आपल्यातल्याच काही जणी ती विकतात, त्यांना राग येईल तर येवो. वाढत्या पोराला त्यांतलं काही द्यायचं नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय उपाशीही ठेवायचं नाही.

त्या ताईच्या गल्लीतल्या गटाने एक ठराव केलाय. पोरगी दारात आली तर तिच्याशी बोलायचं, खेळायला घ्यायचं, पण हातावर काही ठेवायचं नाही. हळदीकुंकवाला, बारशाला तिच्या वाट्याचं आईच्या हातात द्यायचं. शाळेतल्या स्वयंपाकीण ताईंना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही सांगितलंय. दोघी जणींना अजून पटलेलं नाही, लेकराच्या तोंडचा घास कसा काढायचा म्हणतात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने घरातल्या सहा वर्षांच्या आतल्या मुलांची कार्डं घेऊन या, आणि शक्य असेल तर मुलांनाही. वजनकाटा अंगणवाडीतून मिळणार आहे, उंचीची पट्टी मी आणते.