आगाशिवाची लेणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हां निपाणीच्या मुलांना एस.टी.ने कऱ्हाडला नेऊन आगाशिवाचा डोंगर दाखविला होता. त्या सहलीविषयीच बोलण्याचे मी ठरविले होते. पण मध्यंतरी ब्रह्मदेश पाहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तिकडे डोंगराच्या पोटात केवढाल्या गुहा, भिंतीभर बुद्धमूर्ती! आपल्याकडची लेणी एवढी ओकीबोकी का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रथम दगडात शोधावे लागते. तिकडचा डोंगर चुनखडीचा. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आम्ल होते आणि चुनखडी विरघळवीत जाते. लाखो वर्षांत गुहा आपोआप तयार होते. भिक्षूंनी तेथे मूर्ती स्थापन करावयाच्या. आपल्या बेळगाव जिल्ह्यातही यादवाडकडे चुनखडी आहे. पण निपाणीपासून कऱ्हाडपर्यंत सारा काळा बेसाल्ट. तो पाण्याने असा पोखरला जात नाही. आगाशिवाची साठांवर लेणी माणसाने छिन्नीने खोदलेली आहेत, आणि तीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. तेथील खडक भरड, म्हणून कार्ल्यासारखे नाजूक काम नाही. तरी एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागी चक्र आणि सिंह कोरलेले आहेत. ते पाहताना गुरुजींनी टोपी काढली होती, एवढे मला स्पष्ट आठवते.

हा खर्च कोणी केला? राजानेच केला असेल, असे आपण सहज म्हणतो. पण येथील एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याचे आहे. कोकणातील कुडे येथील लेण्यात कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. आणि पार मध्य भारतातील भारहूतच्या स्तूपावर करहकट, म्हणजे कऱ्हाड, या गावाचे नाव आहे. बाजारपेठेतली माणसे होती ती, तंबाखूच्या आपल्या पेठेतल्यासारखीच. पुढे भिक्षू गेले. डोंगरमाथ्यावर आगाशिव महादेवाचे देऊळ आले, आणि लोकांची पायवाट मोडली नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या सहलीत गुरुजी पुढे गेल्यावर मी खिशातल्या चाकूने भिंतीवर माझे नाव कोरले. परत येताना त्यांनी ते पाहिले. मला मारले नाहीत. फक्त म्हणाले, "दान काय दिलेस, तेही लिही."

गेल्या वर्षी नातवाला घेऊन पुन्हा डोंगर चढलो. संघमित्राचा लेख झिजला आहे. त्याची अक्षरे मला काही केल्या लागेनात. नातू शेजारच्या लेण्यातून ओरडला, "आजोबा, इथं तुमचं नाव आहे!"

त्याला मी गुरुजींचे ते वाक्य सांगितले. उतरताना तो बराच वेळ काही बोलला नाही.