मनोरा कोणाच्या शेतात?

परभणीच्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन पिकते आणि याच शिवारांवरून उच्चदाब वाहिन्या जातात. त्यांचा मार्ग ठरवतो कोण? 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 164 नुसार सरकार पारेषण कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार देऊ शकते. ते मिळाले की शेतमालकाची पूर्वसंमती लागत नाही. जमीन संपादित होत नसल्याने भूसंपादन कायद्यातली सामाजिक परिणामांची तपासणीही होत नाही. शेतकऱ्याने काम अडवले, तरच प्रकरण जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते. मोबदला अपुरा वाटला, तर जिल्हा न्यायालयात. म्हणजे त्याचे म्हणणे ऐकले जाते ते मार्ग आखून झाल्यावर. हा क्रमच उलटा आहे.

जून 2024 मध्ये केंद्राने मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के मोबदला सुचवला. 2015 मध्ये हेच प्रमाण 85 आणि कमाल 15 टक्के होते, तेव्हा सुधारणा मोठीच. पण विहिरीशेजारी आखलेला मनोरा पैशाने सरकत नाही, आणि तारांखाली आमराई लावता येत नाही ती नाहीच. प्रत्येकाला विचारत बसलो तर वीज पोचणार कधी, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. एका गट क्रमांकासाठी वाहिनी अडून चालणार नाही. म्हणूनच मागणी नकाराधिकाराची नाही, सुनावणीची आहे. पर्यायी मार्गांचे नकाशे आधी ग्रामसभेत ठेवावेत, हरकती लेखी घ्याव्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कारणांसह निर्णय द्यावा. पायाचे खड्डे खणल्यावर पोलीस बंदोबस्तात आणि कोर्टात जाणारा वेळ त्यातून वाचू शकेल.