खुली संगणकप्रणाली आणि सामान्यांचे दप्तर
(दासगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दासगावात ‘खुले’ या शब्दाचा विचार करावयाचा तर इतिहासाला बाजूस सारून चालत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हाच ते पाणी त्यांच्या ओंजळीत आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेस येताना बाबासाहेब याच दासगाव बंदरात बोटीतून उतरले. त्या लढ्याशी संगणकाच्या प्रश्नाची बरोबरी करणे गैर होईल. तेथे माणुसकीचाच प्रश्न होता. परंतु कागदावरचा हक्क आणि वापरातला हक्क यांतील अंतर मोजण्याची दृष्टी त्या लढ्याने दिली, आणि ती येथे उपयोगी पडते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सची तिला जोड मिळाली. या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी, असा तिचा परवानाच आहे. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही प्रणाली दिली, आणि खुल्या आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. म्हणजे ठराव झाला आहे. प्रश्न आहे तो वापराचा.

संगणकापुढे बसलेल्या सामान्य माणसाला आज्ञावली दिसत नाही. त्याला दिसते ती फाइल मॅनेजरची खिडकी. कागद कोठे आहे, त्याचे नाव काय, तो हलवावा कसा, चुकून फेकला तर परत मिळेल काय, या साऱ्यांची उत्तरे तेथे मिळतात. ती न मिळाल्यास बाकीचे स्वातंत्र्य त्याच्यापुरते व्यर्थच होय.

या खिडकीचा इतिहास उद्बोधक आहे. ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकाच्या घडणीत सहभागी असलेले अँडी हर्ट्झफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी ‘ईझेल’ या कंपनीत ‘नॉटिलस’ हा फाइल मॅनेजर घडविला. मार्च २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली आणि मे महिन्यात कंपनी बंद पडली. बाजाराच्या हिशेबात ही कथा येथे संपावयास हवी होती. परंतु आज्ञावली खुली असल्याने ग्नोम प्रकल्पातील लोकांनी ती पुढे चालविली. भांडवल बुडाले, श्रम मात्र समाजाकडे राहिले.

तथापि, सामाजिक मालकी म्हणजे आपोआप लोकाभिमुखता नव्हे. २००४ मध्ये रचनाकारांनी प्रत्येक फोल्डर स्वतंत्र खिडकीत उघडेल असे ठरविले. तर्क शुद्ध होता. पण पाच पायऱ्या आत असलेल्या कागदापर्यंत पोहोचणाऱ्याच्या पडद्यावर पाच खिडक्या साचत. तक्रारी होत राहिल्या आणि २०१० मध्ये ही प्रथा मागे घेण्यात आली. पुढे काही सोयी काढून टाकल्या गेल्या, तेव्हा २०१२ मध्ये लिनक्स मिंटच्या मंडळींनी जुनी आज्ञावली घेऊन ‘निमो’ हा वेगळा फाइल मॅनेजर उभा केला. मतभेद झाल्यास वेगळे घर बांधण्याचा हा अधिकार मोलाचा खरा. पण तो आज्ञावली लिहिता येणाऱ्यालाच बजावता येतो. ज्याला ती येत नाही, तो निमूटपणे निघून जातो.

अर्थशास्त्राच्या भाषेत यातील मर्म सोपे आहे. स्वेच्छाश्रमातून माणूस प्रथम स्वतःची अडचण सोडवितो. जाणकाराने जाणकारासाठी केलेली वस्तू म्हणूनच उत्तम होते. अजाणत्याची अडचण किमतीतून कळत नाही आणि सभेतही मांडली जात नाही. वस्तू सार्वजनिक असेल, तर तिच्या सुलभतेचा खर्चही सार्वजनिकच असावयास हवा.

मराठी माणसाच्या अडचणी तर आणखी निराळ्या. लिनक्समध्ये फाइलच्या नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइटची असते. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन लागतात. इंग्रजीला २५५ अक्षरे, तर मराठीला काना-मात्रा धरून अवघी ८५ चिन्हे! मराठी वर्णक्रम न शिकविलेली यंत्रणा ‘क्षेत्रपाहणी’ ही फाइल शेवटी न ठेवता ‘ख’च्या आधी लावते. आणि ‘संचयिका’, ‘धारिका’ असे घडविलेले शब्द पडद्यावर आले, की फाइल आणि फोल्डर म्हणणारा माणूस बिचकून पुन्हा इंग्रजीकडे वळतो. भाषांतर झाले, पण भाषा आली नाही.

या तालुक्यात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जुलै २००५ मध्ये दासगावात दरड कोसळली; जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले. अशा वेळी सातबारा, शिधापत्रिका, जातीचा दाखला यांची प्रत हाती असणे आणि नसणे, यावर भरपाईचा दावा अवलंबून राहू शकतो. पेनड्राइव्हवर प्रत उतरली असे पडद्यावर दिसते. पण पुष्कळदा ती काही काळ संगणकाच्या स्मृतीतच असते, आणि घाईने पेनड्राइव्ह उपसणाऱ्याच्या हाती अर्धवट फाइल उरते. ‘थांबा, अजून लिहिणे चालू आहे’ एवढे ठळक, घरगुती मराठीत सांगणे ही सजावट नव्हे. तो रचनेचा पहिला धर्म होय.

म्हणून मागणी नेमकी हवी. परवान्यांवर वाचणाऱ्या पैशाचा काही भाग शासनाने सुलभतेच्या चाचण्यांवर खर्च करावा. ग्रामपंचायतीतील कारकून, बचतगटाची चिटणीस, दहावीची विद्यार्थिनी यांना खिडकीपुढे बसवून त्या कोठे अडतात हे नोंदवावे, आणि त्या नोंदी खुल्या कराव्यात. केरळने सरकारी शाळांतून मुक्त प्रणाली रुजविली; महाराष्ट्राला ते अशक्य नाही. कार्यकर्त्यांनीही ‘लोकांना समजत नाही’ हे वाक्य सोडून द्यावे. समजत नाही, तेथे दोष बहुधा रचनेचा असतो. तो नेमका टिपून रचनाकारांपर्यंत पोहोचविणे, हे आज्ञावली न येणाऱ्यालाही करता येण्याजोगे काम आहे. आणि खुल्या प्रणालीत ते ऐकून घेण्यास दार तरी आहे.