शारीरिक शिक्षण आणि नवी साधने : काही अडचणी



उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'तालीम' म्हणजे जोर-बैठका काढण्याची जागा. शब्द एकच; पण शाळेच्या वेळापत्रकात या दोघींची ओळख नाही. परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक खेळाचा तास मागतात आणि आम्ही तो देतो.

शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणी मी शिकवले. मी बी. ए., बी. एड., विषय इतिहास. खेळाचे तास माझ्याकडे आले ते शिक्षक कमी म्हणून. 29 ऑगस्ट 2019 रोजी 'फिट इंडिया' मोहीम सुरू झाली आणि विद्यार्थ्यांच्या क्षमतेच्या नोंदी 'खेलो इंडिया' अ‍ॅपमध्ये भरण्याचे काम शाळांकडे आले. उंची, वजन, 50 मीटर धाव, 600 मीटर धाव, बसून पुढे वाकणे. चाचण्या उत्तम आहेत. पण वर्गात साठ मुले, शिक्षक एक, फोन त्याच्याच खिशातला आणि तास पस्तीस मिनिटांचा! मग आकडे अंदाजाने भरले जातात. मीही एक वर्ष तसे भरले, हे कबूल करतो.

साधन हाती असून चालत नाही, ते वापरताही यावे लागते. मी शिट्टी वाजवून पलीकडच्या मुलाला घड्याळ सुरू करायला सांगत असे. आवाजाला 50 मीटर जायला सुमारे 0.15 सेकंद लागतात. तेवढा वेळ प्रत्येक मुलाला फुकट मिळत होता. आता शिट्टीबरोबर रुमाल खाली आणतो आणि घड्याळवाला रुमालाकडे पाहतो.

खरी अडचण वेगळीच निघाली. लांब उडीत पाय फळीवर कुठे पडतो हे दाखवण्यासाठी मी मुलींचे चित्रण केले. दुसऱ्या दिवशी एक वडील आले. "सर, माझी मुलगी तुमच्या फोनमध्ये कशाला?" मला राग आला. घरी गेल्यावर वाटले, त्यांनी चुकीचे काय विचारले? फोन माझा, त्यातली चित्रे कुठे साठतात, कोण पाहते, हे मला सांगता आले नाही. मी ती सर्व पुसली आणि त्यांना तसे कळवले. तेव्हापासून मुलींचे चित्रण बंद. दोघी घड्याळ धरतात, एक वहीत लिहिते. त्याच मुलीची 600 मीटरची वेळ जूनमध्ये 3 मिनिटे 41 सेकंद होती, डिसेंबरात 3 मिनिटे 12. अ‍ॅपला हा आकडा नंतर मिळाला, तिला आधी. ती वही तिने अब्बांना दाखवली. त्यानंतर ते एकदा मैदानावर येऊन गेले, बोलले मात्र काही नाहीत.

पालकहो, याला मुलांचा खेळ समजू नका. दौंडला राज्य राखीव पोलीस दल आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले तुम्ही पाहता. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. अलीकडे काही मैदानांवर पायाला चिप बांधून वेळ मोजली जाते. आपल्या कित्येक मुलांना स्वतःची वेळ पहिल्यांदा कळते ती तिथेच, आणि तोवर सुधारायला दिवस उरलेले नसतात.

विद्यार्थ्यांनो, वहीचे शेवटचे पान धावण्याच्या वेळांसाठी राखून ठेवा. पालकांनो, दर शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर असतो. घड्याळे दोन आहेत. धरायला माणसे कमी पडतात. अम्मी आल्या तरी चालेल.