कडछीभर भाताची आठवण

(विहाराच्या वर्धापनदिनी पडेगाव येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, कृतज्ञता आणि नेतृत्व. आम्ही काही पंडित नाही. शाळा लहानपणीच सुटली. पुढे जे काही वाचलं ते गिरणीतून रात्रपाळी करून आल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून. तेव्हा बोलण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावे.

विनयपिटकात एक गोष्ट आहे. राध नावाचा एक ब्राह्मण भिक्खूंकडे प्रव्रज्या मागत होता आणि कोणी देत नव्हते. त्या दुःखाने तो वाळून गेला. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, या माणसाचा काही उपकार कोणाला आठवतो काय? सारिपुत्त म्हणाले, होय, राजगृहात भिक्षेला फिरत असता याने मला कडछीभर अन्न वाढले होते. भगवंतांनी सारिपुत्तांच्या कृतज्ञतेची प्रशंसा केली आणि राधाला प्रव्रज्या देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले.

आता हे सारिपुत्त कोण? धम्मसेनापती. भगवंतांचे अग्रश्रावक. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला एका कडछीचा हिशेब लक्षात होता! आणि नुसता लक्षात नव्हता, वेळ आली तेव्हा तो चारचौघांत बोलून दाखवला. पालीत दोन शब्द जोडीने येतात, कतञ्ञू आणि कतवेदी. पहिला म्हणजे केलेले जाणणारा. दुसरा म्हणजे जाणल्याचे दाखवणारा. आपण पुढारी लोक पहिल्या शब्दापाशीच थांबतो. मनात आहे की, बोलून कशाला दाखवायचं, असं म्हणतो.

आमचंच उदाहरण सांगतो, दुसऱ्याचं कशाला. विहाराचे बांधकाम चालू होते तेव्हा पाण्याची मारामार. टँकर कधी यायचा, कधी नाही. ओल्या सिमेंटला पाणी मारायला बाया डोक्यावर घागरी घेऊन यायच्या. त्यात एक मावशी होती, स्वतः बांधकामावर मजुरी करणारी. सुट्टीच्या दिवशी ती इथे यायची आणि फुकट रेती वाहायची. बांधकाम झाले, संगमरवरी पाटी बसली. पाटीवर देणगीदारांची नावे, अध्यक्ष, सचिव, आणि आमचेही. वर्धापनदिनाला पाहुण्यांना शाली दिल्या. मावशी पाटीसमोर उभी राहिली. वाचता येत नव्हतं, नातवाकडून वाचून घेतलं. मग आम्हाला म्हणाली, "दादा, आमच्या घागरी कुठं हायेत ह्यात?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी कंपाउंडची भिंत काढली, तेव्हा श्रमदानाला चार माणसं आली. बाया तर एकही नाही. आम्ही सभेत तावातावाने बोललो की समाज थंड झाला! समाज थंड झाला नव्हता. त्याला आम्ही गार केला होता.

हे डोक्यात शिरलं ते बाबासाहेबांचे 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतले भाषण पुन्हा वाचताना. सभागृह त्यांची स्तुती करत होते. बाबासाहेबांनी सांगितले की हे श्रेय एकट्याचे नाही. कच्चा मसुदा करणारे सल्लागार बी. एन. राव यांचे नाव घेतले, मसुदा समितीच्या सदस्यांचा वाटा सांगितला. गुंतागुंतीचे म्हणणे साध्या कायदेशीर भाषेत बसवणारे एस. एन. मुखर्जी यांचे नाव घेतले. आणि मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी, जे कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले, त्यांनाही विसरले नाहीत. आम्ही रात्रपाळीचे लोक, या जागी आमचं वाचन थांबलं. इतकेच नाही, ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख अशा सतत हरकती घेणाऱ्यांचेही आभार मानले, कारण त्यांच्यामुळे चर्चा जिवंत राहिली. आपल्या समितीत हरकत घेणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते इथे न सांगितलेले बरे.

पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी कृतज्ञतेला कुंपणही घातले आहे. थोर माणसांचे उपकार जरूर मानावेत, पण स्वाभिमान किंवा देशाचे स्वातंत्र्य गहाण टाकून नव्हे. भक्तीने राजकारण हुकूमशाहीकडे जाते. हे आपल्याला रोजच्या व्यवहारात लागते. निवडणुकीच्या तोंडावर कोणी वस्तीत बोअर घेऊन देतो, आणि मग म्हणतो, उपकार विसरू नका. आभार मानावेत, पाणी प्यावे, मत मात्र आपल्या अकलेने द्यावे.

आणखी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 साली प्रस्तावना लिहिली होती. विझत चाललेली आपली प्राणज्योत डॉ. मालवणकर आणि आपली पत्नी यांच्या वैद्यकीय उपचारांमुळे पुन्हा पेटली, असे त्यांनी त्यात म्हटले. मुद्रिते तपासल्याबद्दल म. भि. चिटणीसांचेही आभार मानले. हे चिटणीस म्हणजे नागसेनवनातल्या आपल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य. 1957 साली ग्रंथ निघाला, त्यात ही प्रस्तावना नव्हती. माईसाहेब 2003 पर्यंत जगल्या. त्या काळात आपल्या समाजात त्यांच्याबद्दल काय काय बोलले गेले, ते आमच्या वयाच्या लोकांना ठाऊक आहे. त्या बोलण्यात आम्हीही होतो. बाबासाहेबांनी ज्यांचे आभार लिहून ठेवले होते, त्यांना आम्ही न वाचताच दोष दिला.

मावशीकडे आम्ही गेल्या महिन्यात जाऊन आलो. चहा दिला, घागरींचा विषय तिने काढला नाही, आम्हीच काढला. म्हणाली, माझं एकटीचं नका लिहू, आम्ही पुष्कळ जणी होतो. तिला सात नावे आठवली. त्यातल्या दोघी आता हयात नाहीत. बाकीची नावे तुम्हाला आठवतील. कार्यक्रम संपल्यावर वही घेऊन आम्ही दाराजवळ बसतो. जेवायला जाण्याआधी सांगून जावे.

जयभीम.