ज्येष्ठांच्या आरोग्याची नोंद
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा संपादित भाग)



यंदाच्या हिशेबात संगणकीय नोंदींवरील खर्चाची बाब आपल्या नजरेस आली असेल. शस्त्रक्रियागृहासाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. नोंदीसाठी दिलेली दिसत नाही. म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

'डेटा' या शब्दाला 'विदा' असा प्रतिशब्द आहे. पण बारामती-इंदापूरकरांना 'नोंद' हाच शब्द जवळचा. आपल्याकडे नोंद म्हटले की आधी आठवते ती उसाची. माळेगाव असो, सोमेश्वर असो वा भवानीनगरचा छत्रपती कारखाना. लागणीची तारीख, क्षेत्र, उसाची जात, आडसाली की खोडवा, हे सारे तेथे लिहिलेले असते आणि तोडणीचा क्रम त्यावरून लागतो. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजून हाती पावती पडते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने तर उपग्रहाची छायाचित्रे आणि शेतातील संवेदक यांच्या आधारे ऊस जोपासण्याचा प्रयोग केला आणि त्याची दखल परदेशातही घेतली गेली. मात्र ज्या घरात म्हशीच्या फॅटची मागील महिन्याची पावती खिळ्याला अडकवलेली सापडते, त्याच घरात आजीचा रक्तदाब गेल्या वर्षी किती होता हे कोणालाच सांगता येत नाही. याचा दोष आम्ही कुटुंबांना देत नाही. दुधाची नोंद ठेवणारे केंद्र गावात होते. आजीची नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

आजीची नोंद असते ती एका पिशवीत. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, बारामतीच्या तज्ज्ञांची फाईल, मुलगा पुण्यास असल्याने तेथील तपासण्या, अकलूजला बहिणीकडे गेली असताना घेतलेले औषध, शिवाय मोतीबिंदूच्या शिबिराचे कार्ड. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर असतो. पण मधुमेहाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेली असते, आणि ती दोन्ही पाकिटांतून नेमाने घेतली जाते. मग पहाटे साखर उतरते, चक्कर येते, न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. कागदोपत्री तो अपघात ठरतो.

दुसरे उदाहरण मूत्रपिंडाचे. समजा, एका वृद्धाचे क्रिएटिनिन एका वर्षी १.१, पुढच्या वर्षी १.३ आणि त्यानंतर १.५ आले. सुटा अहवाल पाहणाऱ्यास प्रत्येक वेळी 'किंचित वाढ' एवढेच दिसेल. तिन्ही आकडे एका ओळीत मांडले, की मूत्रपिंड हळूहळू हार मानत आहे हे ध्यानात येते आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी विचारण्याची बुद्धी होते. वजनाचेही तसेच. उतारवयात आपोआप उतरणारे वजन हे अनेकदा पहिले लक्षण असते, आणि ते मागील आकड्यावाचून कळतच नाही. आमच्या मते संगणकाचे वैद्यकातील मोठेपण एवढेच आहे: तो मागचे विसरत नाही.

हे केवळ आपल्याच भागाचे दुखणे नाही. ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची २०१७-१८ मध्ये पाहणी झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक जुनाट आजार एकाच देहात नांदणे हे वार्धक्याचे सामान्य रूप असल्याचे तो सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील वढू परिसरात, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून घरोघरच्या जन्म, मृत्यू व स्थलांतराच्या नोंदी सातत्याने ठेवत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासातही त्या गावांचा सहभाग होता. नीरेपलीकडे सातारा जिल्हा २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. त्या उपक्रमात महाराष्ट्रात वापरलेल्या 'सिंपल' या मोबाइल प्रणालीचे नाव सार्थ आहे. परिचारिका रुग्णाच्या कार्डावरील चौकोनी संकेत टिपते, रक्तदाब व औषध नोंदवते, आणि ठरल्या दिवशी कोण आले नाही त्याची यादी तिच्यासमोर येते. या यादीला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो. आलेल्या रुग्णाची काळजी सर्वच रुग्णालये घेतात. न आलेला रुग्ण नोंदीवाचून कोणालाच दिसत नाही.

शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू केले. त्यातील 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक अनेकांनी काढला आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्रमांक काढला म्हणजे साऱ्या तपासण्या सरकारकडे जमा होतात, असे नाही. नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते. रुग्णाने ठरावीक मुदतीसाठी संमती दिली तरच ती दुसऱ्या डॉक्टरांना दिसते, आणि ती संमती मागेही घेता येते. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारे 'आयुष्मान वय वंदना' कार्ड हे वेगळे. ते वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे असून त्यास उत्पन्नाची अट नाही. दोन्ही कार्डे एकच समजून कुटुंबीय आमच्या खिडकीशी वाद घालतात, म्हणून एवढा खुलासा.

व्यवहारात अडचणी पुष्कळ. उसात आणि खुरपणीत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. मोबाइल नातवाचा, आणि नातू कामावर. सांकेतिक क्रमांक त्याच्याकडे जातो आणि आजोबा खिडकीशी ताटकळतात. वयाचा प्रश्न तर निराळाच. कितीएक ज्येष्ठांच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी असते. खरे वय विचारले तर 'बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं होतं' असे उत्तर मिळते. ते आम्ही नोंदवून घेतो, कारण मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढताना वय लागते आणि कार्डावरील अंदाजी वर्षापेक्षा दुष्काळाची खूण अधिक भरवशाची असते!

विश्वस्त मंडळात सर्वांत अधिक चर्चा झाली ती संमतीविषयी. परगावी, परदेशी असलेली मुले विनंती करतात, की आईच्या सर्व तपासण्या थेट आमच्या मोबाइलवर पाठवा. त्यामागची माया आम्ही जाणतो. परंतु एखादी आई सांगते, 'पोराला एवढ्यात कळवू नका.' अशा वेळी नोंद कोणाची? आमचे उत्तर स्पष्ट आहे: जिचा देह, तिची नोंद. ती शुद्धीत आणि समजत्या स्थितीत असेल तोवर तिच्या होकाराशिवाय अहवाल मुलालाही जाणार नाही, मग तो आमचा मोठा देणगीदार का असेना. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध असावी असे म्हटले आहे. ही भूमिका काहींना रुचलेली नाही, हे आम्ही येथे लपवत नाही. विस्मरणाचा आजार असणाऱ्यांच्या बाबतीत ती अपुरी पडते, हेही खरे. तेथे रुग्णाची स्मृती शाबूत असतानाच एका विश्वासू आप्ताचे नाव लिहून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

आषाढवारीत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते, तेव्हा दूरदूरचे वृद्ध वारकरी औषधोपचारासाठी येतात. जवळ कागद नसतो; गोळीचा रंग तेवढा आठवतो. पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. वारीस निघण्यापूर्वी औषधांची एक चिठ्ठी आणि तिचे मोबाइलवरील छायाचित्र, एवढी तयारी प्रत्येक घराने करून द्यावी.

देणगीदारांनी संगणक देऊ केले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मात्र यापुढे यंत्रापेक्षा माणसाच्या वेतनाला हातभार लावावा, ही प्रार्थना. पिशवी उलटी करून कागद तारखेनुसार लावणारी, दोन पाकिटांवरील एकच औषध ओळखणारी, आणि आजींना ऐकू येत नसल्यास तीनदा विचारणारी सेविका नसेल, तर संगणकात चुकीची माहिती मात्र वेगाने भरली जाईल.

ज्येष्ठांना तपासणीस आणताना जुने सर्व कागद आणि चालू औषधांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत आणावीत. कागद पाहून त्याच दिवशी परत केले जातात. ऐकण्याचे यंत्र आणि चष्माही विसरू नये.